एका दगडापाशी तीन नारळ

दगड एक, नारळ तीन. एक चेअरमनच्या हातात, एक कोंडिबाआबांच्या, एक माझ्या. खोदाईचा मान तुमचाच, असं तिघांनाही सांगितलेलं. सांगणारा एकच, दामूतात्या. तो मशीनच्या सावलीला उभा राहून टोपी झटकत होता. टोपीवर धूळ नव्हती.

जीपमधून उतरलेले इंजिनिअरसाहेब म्हणाले, "तासाभरात खोदाई सुरू झाली नाही तर मशीन भिगवणला पाठवतो."

तात्या आमच्या पळसदेवच्या पाणी संस्थेचा सेक्रेटरी. उजनीचं पाणी उचलून माळावर न्यायचं, म्हणून संस्था काढलेली. पाणी सगळ्यांना हवं होतं, पाइप मात्र दुसऱ्याच्या रानातून जायला हवा होता. पंप आपल्याच बांधाला बसावा म्हणून चेअरमन अडून बसलेले. आबांचं रान शेवटच्या टोकाला. पाणी आपल्यापर्यंत येणारच नाही, असा त्यांना संशय. आणि चर निघणार माझ्या रानातून. मी सरळ नाही म्हटलं होतं.

तात्या रोज एकेका घरी जायचा. चहा पुढं ठेवला की हात आडवा करायचा. "आधी तक्रार, मग च्या." तक्रार नाही म्हटलं तर चिडायचा. "न्हाय कशी? नीट आठवा." शिव्या दिल्या की खूश. पहिल्या दिवशी मी त्याला इतकं बोलले, की त्यानं दोन कप घेतले.

उठताना तो नारळाचा शब्द देऊन जायचा. त्याच्याकडं द्यायला दुसरं होतं काय? त्या शब्दावरच मी पाइपासाठी सही दिली. चेअरमनला सकाळी बोलावलं, आबांना ऊन चढल्यावर, मला जेवण झाल्यावर. एकमेकांची गाठ पडायची नाही, असा त्याचा बेत. पण साहेबांनी पाहिल्याशिवाय चेअरमन नारळ फोडेनात, आणि साहेबांची जीप इंदापुरात पंक्चर.

"तात्या, मला खेळवतो व्हय रं?" चेअरमन म्हणाले.

"माझा नारळ फुटला न्हाय तर माझं नाव संस्थेतनं काढ," आबा म्हणाले.

"आन माझ्या रानातनं मशीन काढ," मी म्हणाले.

तात्यानं टोपी घातली. "चेअरमन, पंप बसंल त्या दिवशी नारळ तुमचा. आबा, पाणी शेवटाला पोचलं की तितं तुमचा. न्हाय पोचलं तर माझ्या डोक्यात फोडा. आज नुसतं खोदायचंय. रान आक्कांचं, नारळ आक्कांचा."

आबा हसले. चेअरमन आवाज उतरवून म्हणाले, "शुभकाम हाय तात्या. बाई विधवा हाय."

तात्याचा चढलेला आवाज मी तेव्हा एकदाच ऐकला. "पाइप न्यायला सही मागितली, तवा कुणी तिचं कपाळ बघितलं न्हवतं!"

मी नारळ फोडला. एका घावात फुटला. माझा हात जड आहे.

पुढं पंप बसला, पाणी शेवटापर्यंत पोचलं, दोघांचेही नारळ फुटले. तात्याचं डोकं शाबूत राहिलं. तक्रारी मात्र संपल्या. तरी तात्या यायचाच. "काय तक्रार?" लोक म्हणायचे, "काय न्हाय तात्या, झक्क चाललंय." मग हा चहा न घेता माघारी.

एकदा पावती घ्यायला मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बघते तर चुलीत कोंबडी अंडी उबवत बसलेली. तात्या म्हणाला, "उठवू नका तिला. जागा रिकामीच हुती."

तेव्हापासून मी तक्रार तयार ठेवते. "तात्या, व्हॉल्व गळतोय." तो म्हणतो, "व्हय? बघाय पायजे." बसतो, चहा पितो, आणि व्हॉल्व न बघताच जातो. गळत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

चेअरमन गेले, आबाही गेले. त्या दगडापाशी होतो त्यांतला तात्या आहे आणि मी आहे.