देवाजीला कावीळ होते

मोहाला फुलं लागली की देवाजीचं चित्त जागेवर राहत नसे. दारूला तो शिवतही नसे; त्याला नुसता वास पुरे. धान घरात येऊन पडलेलं, बैल मोकळे, पहिल्या निवडणुकीचे कागद भिंतींवर अजून लोंबत असलेले, आणि पहाटेच्या गारव्यात जंगलाकडून तो गोड, जड वास गावावर उतरलेला. अशा दिवसांत देवाजी चालता-बोलता असला तरी अर्धा झोपेतच असे. त्याची बायको कमळा शेजारणींना सांगे, “फागुनात ह्यायले काई विचारू नोका. उत्तर चैताच्या शेवटी येते.”

त्या दिवशी कमळा अंधारातच टोपलं घेऊन फुलं वेचायला गेली. देवाजी उठला, डोळे न उघडताच न्हाणीपाशी गेला. तिथल्या गुंडातलं, म्हणजे मोठ्या हंड्यातलं, पाणी छान कोमट होतं. बायकोनं आपल्यासाठी मुद्दाम तापवून ठेवलं, या विचारानं तो मनातल्या मनात विरघळला आणि भडाभडा सगळं अंगावर ओतून घेतलं. मग जुन्या पंच्यानं अंग पुसून ओसरीवरच्या बाजेवर जरा टेकला. टेकला तो झोपलाच.

झोपेत त्याला त्याचा बाप दिसला. वीस वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेलेला बाप पिवळ्याधमक फुलांच्या रानात उभा होता आणि अगदी प्रेमानं म्हणत होता, “ये देवा, इथी सावली लय चांगली हाय.” देवाजी जायलाही निघाला होता, पण अंगाला खाज सुटली आणि तो जागा झाला. उन्हं ओसरीवर आली होती. त्या उन्हात त्यानं खाजवणारा हात पाहिला. हात पिवळा होता. दुसरा पाहिला, तोही पिवळा. पोट, मांड्या, पाय, सगळं बापाच्या शेवटच्या दिवसांसारखं.

इतक्यात कमळा परत आली आणि न्हाणीकडूनच ओरडली, “अगा माय! कालवडीनं गुंड उलथवला ना माहा! रातभर चुलीवर ठेवला होता.” ती काठी घेऊन कालवडीच्या मागे धावणार, तोच तिचं लक्ष ओसरीकडे गेलं. काठी तिच्या हातातून गळून पडली.

“काऊन जी, तुमाले काय झालं?”

“बाबाले झालं होतं तेच,” देवाजी शांतपणे म्हणाला. “बाबा बलावून राह्यले मले.”

कमळानं असा काही गळा काढला की घटकेत अर्धं गाव अंगणात जमलं. एकानं पंचा उचलून पाहिला, पंचाही पिवळा. “बापा! घामातून उतरून राह्यली हो कावीळ!” तो म्हणाला आणि पंचा टाकून त्यानं आपले हात धोतराला पुसले. कोणी ताक आणलं, कोणी उसाचा रस, कोणी भुईआवळ्याचा कडू काढा. देवाजीनं सगळं मुकाट्यानं घेतलं. एकीकडे जीव घाबरलेला, तर दुसरीकडे इतकी माणसं आपल्याभोवती बसलेली पाहून त्याला मनातून बरंही वाटत होतं. वरून मोहाचा वास. मरण इतकं गोड असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

एकच काटा सलत होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचा थोरला भाऊ लटारू एकटाच राहत होता आणि सात वर्षांत दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. भांडण दोघांच्या बांधावरच्या एका मोहाचं. फुलं माझ्या वावरात पडतात, असं लटारू म्हणे; मूळ माझ्या बाजूला आहे, असं देवाजी म्हणे. शेवटी दोघांनीही हट्टानं फुलं वेचणं सोडलं आणि सात वर्षं अस्वलांची चंगळ झाली. त्याच्याशी न बोलता मरायचं, हे काही देवाजीला पटेना.

“दादाले बलावा,” तो म्हणाला. पण लटारूच्या दारात जायची कोणाची छाती होईना. त्यापेक्षा पोचू वैदूला बोलावणं सोपं होतं.

पोचू म्हणजे कावीळ उतरवणारा पंचक्रोशीतला एकमेव माणूस. त्याची रीत ठरलेली. रोग्याच्या हातांना तो कसलासा सालीचा रस चोळी, मंत्र म्हणे आणि चुन्याच्या निवळीनं हात धूत असे. खाली धरलेल्या पितळी ताटात पाणी पिवळं होऊन पडे. गोरागोमटा, धडधाकट माणूस बसवला असता तरी ते पिवळंच पडलं असतं, हे फक्त पोचूला ठाऊक होतं आणि त्यानं ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यानं ऐटीत रस चोळला, मंत्र म्हटला आणि निवळी ओतली. पाणी पडलं ते लालभडक.

अंगणातली माणसं मागे सरकली. सगळ्यांत जास्त घाबरला तो पोचू. इतक्या वर्षांत त्याच्या हातून खरोखर काही बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानं पुन्हा ओतून पाहिलं, पुन्हा लाल.

“हे माह्या हातातलं नाई!” तो किंचाळला. “रगत उतरून राह्यलं!” आणि ताट तिथंच टाकून तो गावातून ओरडत पळत सुटला.

ती आरोळी लटारूच्या दारापर्यंत गेली. थोड्याच वेळानं धुरळा उडवत एक बैलगाडी अंगणात येऊन थांबली. लटारू उतरला. डोक्याला पागोटं, कपाळापर्यंत ओढलेलं. सात वर्षांनी तो या अंगणात आला आणि कोणाकडे न बघता म्हणाला, “उठ. कुरखेड्याले सरकारी दवाखाना हाय.”

“दादा, तो मोह तुहाच होता,” देवाजी रडू लागला. “मी खोटं बोललो.”

“चूप बस. मूळ तुह्या बाजूलेच होतं. चल, बस गाडीत.”

कमळा मागे बसली, देवाजी तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला आणि गाडी निघाली. वर सागाच्या पानगळीतून आकाशाचे तुकडे सरकत होते. पळसांनी सारं रान पेटवलं होतं. देवाजीला वाटलं, आपण बापाकडेच निघालो आहोत आणि गाडी दादा हाकतोय म्हणजे वाट चुकणार नाही. तो दादाच्या पाठीकडे पाहत राहिला. ती पाठ फार वाळली होती. लटारू एका हातानं कासरा धरून दुसऱ्या हातानं सारखा पोटऱ्या, दंड खाजवत होता.

“दादा, तुले काऊन खाज सुटली?”

“उन्हाळ्याची असन. महिना झाला. ना पुरळ, ना काई. करंजीचं तेल लावून राह्यलो.”

“मले लागली तर नाई ना तुही?” देवाजीनं विचारलं. “का माही तुले?” कमळा दोघांनाही गप्प बसा म्हणाली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते, नागपूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी देवाजीला उन्हात उभं केलं, खालची पापणी ओढून डोळ्यात पाहिलं, नखं पाहिली, पोट दाबलं. मग स्पिरिटचा बोळा त्याच्या दंडावर घासला. बोळा पिवळा झाला आणि दंडावर देवाजीचा स्वतःचा सावळा रंग उघडा पडला.

“आज कशानं आंघोळ केलीत?”

“पाण्यानंच,” देवाजी म्हणाला. “हिनं तापवून ठेवलं होतं.”

“मी कायले तापवू?” कमळा म्हणाली आणि मधेच थांबली. तिच्या तोंडाचा आ झाला. “अहो, त्या गुंडात पळसाच्या फुलांचं गाळलेलं पाणी होतं! तुरटी होती! दोन मुठी हळद टाकली होती, लुगडं रंगवाले!” आणि डोक्याला हात लावून म्हणाली, “बिचारी कालवड.”

दारातले रोगी पोट धरधरून हसले. डॉक्टरही हसले. “हळद चुन्याला लागली की लालच व्हायची, बाबा. हळद कातडीवर बसते, पण डोळ्यांच्या पांढऱ्यात जात नाही. कावीळ आधी तिथं दिसते. तुमचे डोळे दह्यासारखे आहेत. लिव्हर ठणठणीत.”

देवाजी शरमेनं अर्धा झाला. त्यानं भावाकडे पाहिलं, आता हा सात वर्षांचं सगळं काढणार म्हणून. पण लटारू हसत होता. इतका हसत होता की पागोटं मागे सरकलं आणि दाराच्या उन्हात त्याचं तोंड, डोळ्यांसकट, उघडं पडलं.

डॉक्टरांचं हसू थांबलं. “तुम्ही जरा इकडे या. खाज येते का अंगाला?”

“येते जी, महिन्यापासून.”

“पुरळाशिवाय? लघवी गडद होते? जेवण जात नाही?” लटारूनं तिन्हींना होकाराची मान हलवली. डॉक्टरांनी त्याची पापणी खाली ओढली. देवाजीनं डॉक्टरांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. आतलं पांढरं पिवळं पडलं होतं.

“कातडी महिनाभर ओरडून सांगते आहे आणि तुम्ही तिला तेल लावता! घरच्यांनी कोणी पाहिलं नाही?”

“घरी कोणी नाई जी,” लटारू म्हणाला.

 एका झाडापायी आपण या माणसाच्या तोंडाकडे सात वर्षं पाहिलं नाही, हे देवाजीला तेव्हा कळलं आणि फार लाज वाटली. मोहाचा अंमल एकदम उतरला. त्यानं दादाला धरून खाटेवर बसवलं. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले; इथंच ठेवा, आराम, औषध, पथ्य, आणि उतरली नाही तर चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. गाडी कमळानं घरी नेली. गावात पोचूनं तोवर सांगून टाकलं होतं की कावीळ त्या घरात आहे हे त्यानंच आधी ओळखलं, फक्त भाऊ चुकला.

देवाजी दवाखान्यातच राहिला. त्याची हळद तीन दिवसांत गेली. लटारूचा पिवळेपणा मात्र रेंगाळत होता. रोज सकाळी देवाजी त्याला खिडकीशी बसवून पापणी ओढून बघे. आठव्या दिवशी त्याला पांढरं दिसल्यासारखं वाटलं. तो बघतच राहिला.

“किती पाहतो बे?” लटारू खेकसला.

“सात वर्षांचं पाहून घेऊन राह्यलो.”

 लटारूनं दुसऱ्या डोळ्याची पापणी स्वतःच खाली ओढली आणि म्हणाला, “मंग हाही पाह्य.”