गणसंख्येअभावी

आनंदवैभव सोसायटीच्या नोटीसबोर्डावर खोपकरांनी शुक्रवारी सकाळी नोटीस लावली, चारही कोपऱ्यांना टाचण्या टोचल्या, दोन पावलं मागे सरून ती पुन्हा एकदा वाचली आणि स्वतःवरच खूश होऊन वर गेले. तिथेच सगळा घोळ झाला. त्यांना तो रविवारी कळला. आपल्याला आताच कळायला काही हरकत नाही.

आत्माराम खोपकर हे पेणकरपाड्यातल्या या चार मजली, चौसष्ट फ्लॅटच्या सोसायटीचे अकरा वर्षांपासूनचे सेक्रेटरी. लालबागच्या चाळीतून इथे आले तेव्हा त्यांची समजूत होती, की जागा मोठी झाली की माणूसही आपोआप मोठा होतो. तसं काही झालं नाही. चाळीत निदान गणपतीत माइक हातात असायचा. इथे लोक त्यांना लांबून पाहिलं की मेंटेनन्सची आठवण होऊन जिन्याकडे वळायचे. आपण आलो की कुणीतरी खुर्चीवरून उठावं, एवढीच या गृहस्थाची इच्छा. साठी उलटली तरी कुणी उठेना, म्हणून त्यांनी नगरसेवक व्हायचं ठरवलं.

नेमक्या त्याच वेळी आरक्षणाच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि वॉर्डातली त्यांच्या मनातली जागा महिलांसाठी राखीव झाली. दुसरा कोणी असता तर दोन दिवस जेवला नसता. खोपकर त्या दिवशी दोन पोळ्या जास्तच जेवले आणि बायकोला म्हणाले, "नीलिमा, तू उभी राहतेयस."

नीलिमाताई बेव्हर्ली पार्कातल्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला होत्या. दिवसभर पालकांशी बोलून त्यांना कशाचंच आश्चर्य वाटेनासं झालं होतं.

"मला विचारलंत?" त्या म्हणाल्या.

"त्यात विचारायचं काय? तू नुसती उभी राहा. बाकी सगळं मी बघतो."

"तेहेतीस वर्षं तुम्हीच सगळं बघताय. गॅसचा नंबर तेवढा मी लावते."

खोपकरांचं लक्षच नव्हतं. ते व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर लिहीत होते. वर मोठ्या अक्षरात 'आत्माराम खोपकर', आणि खाली बारीक अक्षरात 'नगरसेविका सौ. नीलिमा खोपकर यांचे पती'.

तिकीट कुणाला द्यायचं यात महिपतदादांचा शब्द चालायचा. दादा मूळचे गाववाले. पेणकरपाड्यात भात पिकायचा तेव्हापासून इथले. खोपकर त्यांच्या ऑफिसात गेले, शाल दिली, आणि खाली बसायच्या आत म्हणाले, "दादा, आमच्या सोसायटीची दोनशे बारा मतं. सगळी माझ्या खिशात."

दादांनी शाल बाजूला ठेवली. "खिसा न्हाय बघायचा मना. मानसं दाखवा. रविवारी दहाला येनार मी. शंभर डोकी दिसली तर बाईंचा नाव वर गेला म्हनून समजा."

आता शंभर डोकी म्हणजे काय मोठी गोष्ट, असं तुम्हा-आम्हाला वाटेल. पण आनंदवैभवची एक रीत होती. वार्षिक सभेला दहा वाजता कोरम लागतो. तो कधीच पुरा होत नाही. मग नियमाप्रमाणे सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरवायची. त्या दुसऱ्या सभेला कोरमची अटच नसते. त्यामुळे खोपकर, खजिनदार दिपेशभाई आणि वॉचमनच्या खुर्चीवर झोपलेलं मांजर एवढ्यांच्या उपस्थितीत अकरा वर्षं सगळे ठराव एकमताने मंजूर होत आले होते. त्या अर्ध्या तासावर खोपकरांचं मनापासून प्रेम होतं. रिकाम्या खुर्च्यांसमोर घड्याळ बघत बसायचं आणि साडेदहाला घसा खाकरून सुरुवात करायची. विरोध नाही, प्रश्न नाहीत. इतकी वर्षं बिनविरोध निवडून येणारा माणूस आपल्याला लोकप्रिय समजू लागला, तर त्याला तरी काय बोलणार?

तर दादांच्या भेटीची नोटीस. खोपकरांनी कॉम्प्युटरवर जुन्याच सभेची नोटीस उघडली, वरचा मजकूर बदलला, 'मान्यवरांची सदिच्छा भेट, रविवार, सकाळी दहा' असं घातलं आणि खालचा परिच्छेद तसाच ठेवला. चुकून नव्हे बरं का. त्या परिच्छेदाशिवाय नोटीस असू शकते हेच त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तो परिच्छेद असा होता: 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही.'

लोकांनी येता-जाता पाहिलं, खालचा परिच्छेद ओळखीचा वाटला, आणि नेहमीप्रमाणे कुणीच यायचं नाही हे सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं.

रविवारी दहाला पाच कमी असताना महिपतदादांची गाडी गेटात शिरली. कंपाउंडमध्ये लाल कापडाचा मांडव, शंभर खुर्च्या आणि त्यांतल्या एकीवर दिपेशभाई.

"सेक्रेटरी, मानसं कुठं हायत?" दादा म्हणाले.

"येतायत, येतायत. रविवार आहे ना, जरा आरामात." खोपकरांनी दिपेशभाईंना कोपऱ्यात घेतलं. "दिपेशभाई, लोग कहाँ है?"

"खोपकरभाई, पहला मीटिंग तो कॅन्सल होता है ना," दिपेशभाई शांतपणे म्हणाले. "आपने ही नोटीस में लिखा है. दूसरे में भी कोई नहीं आता, वो अलग बात."

खोपकरांनी वर पाहिलं तर चारही मजल्यांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या चादरींखेरीज काही नव्हतं. दादा घड्याळ बघत होते. नगरसेविकेचे पती होण्याची संधी डोळ्यांदेखत निसटत होती. आणि अशा वेळी माणसाला जे सुचू नये तेच सुचतं. खोपकरांना वैजयंता आठवली.

वैजयंता वाकळे दुसऱ्या मजल्यावर राहायची. मूळची नांदेडकडची. नवरा श्रीपती बस डेपोत, आणि ती एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. सोसायटीत पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, तेव्हा दोन वर्षांपूर्वी तिने एक साखळी बांधली होती. पाणी आलं की ती चार मजल्यांवरच्या चार बायकांच्या दारावर थाप मारणार, त्या चौघी आपापल्या मजल्यावर मारणार. पाच मिनिटांत अख्खी इमारत जागी. खोपकर या साखळीला 'बायकांचा गलका' म्हणायचे. त्यातून गुरुवारपासून सोसायटीची मोटार जळून रिवाइंडिंगला गेलेली, नळ कोरडे, आणि टँकर आला तर बादल्या घेऊन खाली उतरायचं असं ठरलेलं.

खोपकर धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर गेले. "वैजयंताबाई, टँकर आलाय. साखळी हलवा."

"आला?" तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "नक्की ना काका? मागं एकदा उगाच पळवलं होतं तुम्ही."

"अहो, गेटात उभा आहे."

गेटात काहीतरी उभं होतं हे खरंच. ती दादांची गाडी होती.

पाच मिनिटांत जिन्यातून माणसांचा लोंढा खाली आला. बादल्या, पिंप, कळश्या, प्रेशर कुकर, एका आजोबांच्या हातात तर झारी. शंभर काय, दीडशे माणसं. दादांचे डोळे मोठे झाले. खोपकरांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "बंधू-भगिनींनो, आज आपल्यात..."

"टँकर कुठाय?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते सांगतोच. पण आधी आपल्यात आज..."

"अहो, टँकर कुठाय ते बोला ना. पोळी तव्यावर टाकून आलेय मी."

मग जे व्हायचं ते झालं. बादल्या आपटल्या गेल्या. आजोबांनी झारी उगारली. दिपेशभाई हळूच खुर्चीसकट मांडवाच्या मागे गेले. खोपकर माइकमध्ये "शांतता, शांतता" म्हणत होते, त्यामुळे आवाज आणखीच वाढत होता. लोक आता दादांच्या गाडीकडे सरकू लागले. दादांनी तीस वर्षं राजकारण केलेलं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि एवढंच बोलले, "टँकर पाठव. आत्ताच्या आत्ता पाठव."

वीस मिनिटांनी टँकर आला. आता चेंगराचेंगरी होणार म्हणून खोपकर मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. पण झालं भलतंच. वैजयंता पुढे आली आणि नुसतं म्हणाली, "चौथा मजला पहिला. त्यांना जिना जास्त चढायचाय. म्हातारे असतील तिथं आपल्या साखळीतली निशा बादली पोचवून देईल." आणि लोक रांगेत उभे राहिले.  तिसऱ्या मजल्याच्या रांगेच्या तोंडाशी, पदर खोचून, यादी तपासत नीलिमाताई उभ्या होत्या.

खोपकरांनी आपल्या बायकोला असं कधी पाहिलं नव्हतं.

दादा ते सगळं बघत खुर्चीवर बसले होते. "ती बाई कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"ती होय? ती पाण्याचं बघते," खोपकर म्हणाले. "माझ्या मार्गदर्शनाखाली."

"बोलवा."

वैजयंता ओल्या हातांनीच आली. दादा म्हणाले, "बाय, हितं दोनशे बारा मतं हायत काय?"

"नाही," ती म्हणाली. "एकशे सत्त्याऐंशी." तिने पिशवीतून वही काढली. मजलावार, घरवार नावं, पुढे मतदार यादीतला नंबर. "अर्ध्या लोकांची नावं जुन्या पत्त्यावरच होती. कुणाचं परळला, कुणाचं घाटकोपरला. आम्ही घरोघरी फिरून फॉर्म भरून घेतले. मत इथं नसलं तर आपल्या पाण्याचं कोण ऐकणार? आता फक्त पाच जण राहिलेत."

"कोन पाच?"

ती जरा घुटमळली. "पहिलं नाव खोपकर काकांचं आहे. तीनदा गेले होते मी. काका म्हणाले, कमिटीकडं लेखी अर्ज द्या."

मांडवात शांतता पसरली. जी माइकवर ओरडून मिळाली नव्हती ती आता फुकट मिळाली.

"चाळीच्या रिडेव्हलपमेंटचं आहे ना," खोपकर पुटपुटले. "यादीतलं नाव तिथून हललं की खोलीवरचा हक्क जातो, असं भाऊ म्हणाला. म्हणून आम्ही दोघांनी..."

"दोनशे बारा मतं तुमच्या खिशात," दादा सावकाश म्हणाले, "नि तुमचा सोताचा मत लालबागला?"

खोपकरांनी मनातल्या मनात हिशेब केला. आपलं गेलं ते गेलंच, पण नीलिमाचंही नाव तिकडेच. इथल्या यादीत नाव नसेल तर ती इथे उभी राहणार कशी? सगळंच मुसळ केरात. तेवढ्यात वैजयंताने वहीचं पान उलटलं. "काकूंचं आहे की इथं. तिसरा मजला, हे बघा."

खोपकरांनी वहीत डोकं घातलं. खरंच होतं. बुडणारा माणूस वर यावा तसे ते वर आले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "तू कधी आणलंस नाव?"

"चार वर्षं झाली," नीलिमाताई म्हणाल्या. "तुम्ही सभेच्या दिवशी खाली अर्धा तास मोजत बसायचात ना, तेव्हा आम्ही बायका वैजयंताकडे बसायचो. तिथेच भरला."

"बरं, ते जाऊ दे. दादा, मग अडचण काहीच नाही. नीलिमा उभी राहतेय."

"मी नाही," नीलिमाताई म्हणाल्या. आवाज अगदी शाळेतला. "मी तिसऱ्या मजल्याची दारं वाजवते, तेवढं मला पुरे आहे. उभं राहायचं तर हिने राहावं. सूचक म्हणून मी सही करते."

दादा वैजयंताकडे वळले आणि, खोपकरांना आयुष्यभर सलणार होतं ते हे, खुर्चीवरून उठून उभे राहिले. "काय म्हनता, ताई?"

"असं लगेच नाही सांगता येणार," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी दहाला सगळ्यांना बोलवून विचारते. तुमच्याकडून की अपक्ष, तेही तेच ठरवतील. आणि दादा, निवडणूक लांब आहे. टँकर उद्यापण लागेल."

दादांनी मान डोलावली. एकशे सत्त्याऐंशी मतं वहीत लिहिलेली पाहिल्यावर माणूस मान डोलावणारच.

त्या आठवड्यात खोपकरांच्या घरी व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर गॅसच्या पुस्तकात गेला. पुढचा रविवार आला. नोटीसबोर्डावर काहीच लागलं नव्हतं, ना चार टाचण्या, ना खालचा परिच्छेद. नीलिमाताई पावणेदहालाच खाली गेल्या. खोपकरांनी सावकाश दाढी केली. काय करणार आहेत या बायका, कोरम तरी होणारे का, असं स्वतःशी म्हणत त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि अकरा वर्षांच्या सवयीने बरोबर साडेदहाला ते कंपाउंडात उतरले.

खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. सभा दहाला सुरू होऊन सव्वादहाला संपली होती. ठराव काय झाला ते वरच्या जिन्यातून येणाऱ्या हसण्याखिदळण्यावरूनच कळत होतं. मांडवाखाली फक्त वैजयंता होती, दोऱ्या सोडवत.

"काका, तुमच्यासाठी ठेवलाय," ती म्हणाली आणि शेवटच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

खुर्चीवर फॉर्म होता. नाव, वय, पत्ता, सगळं तिने भरलेलं. वर पेनही ठेवलेलं.

"यंदाची यादी बंद झाली," ती दोरी गुंडाळत म्हणाली. "पण पुढच्या वेळी कामाला येईल. आणि खोलीचं मी वकिलांना विचारलं. मतदार यादीतलं नाव हललं म्हणून कुणाची खोली जात नाही."

ती दोऱ्या घेऊन वर गेली. जाताना हळूच म्हणाली, "बसा ना काका, उभे का?"

खोपकर बसले. समोर रचलेल्या शंभर खुर्च्या, हातात पेन, पायाशी वॉचमनचं मांजर. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, नियमाप्रमाणे अर्धा तास थांबले, आणि मग सही केली.