तीनदा घातलेलं पाणी

स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण खणकन खाली पडलं, आणि बैठकीतल्या सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. फादर टिबुर्सियोंनी प्रश्न तसा साधाच विचारला होता. उद्याच्या बाप्तिस्म्याचा कागद भरता भरता ते म्हणाले होते, "बाळाला आधी घरी कुणी पाणी घातलेलं नाही ना?" बाळाच्या आईनं, पेर्लानं, हसून नकारार्थी मान हलवली होती. आणि मग ते झाकण.

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. बाळ चार महिन्यांचं असताना तापानं फणफणलं होतं, वादळामुळं बोटी बंद होत्या आणि फादर समुद्रापलीकडे इलोइलो शहरात अडकले होते. तापाच्या तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पेर्लाच्या नकळत बाळाच्या कपाळावर पाणी ओतून बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले होते.

"मग इतके महिने बोलला का नाहीत?" पेर्लानं विचारलं.

"तुझी हौस मोडू होय? मेजवानीला दोन डुकरं सांगून ठेवलीस तू."

हौस होतीच. आधी नवऱ्याला, एफ्रेनला, जहाजावरून सुट्टी मिळेना म्हणून, मग धर्मपिते-धर्ममातांची यादी दोनावरून चोविसावर गेली म्हणून, असं करत पेर्लानं बाप्तिस्मा पुढं ढकलला होता. आज दुपारी एफ्रेन येणार होता. त्याचा हात धरून लेकराच्या डोक्यावरून ओघळणारं पाणी बघायचं, एवढंच तिनं चौदा महिने मनाशी धरून ठेवलं होतं.

आणि फादर सांगत होते, बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. नीट घातलेलं पाणी पुन्हा घालता येत नाही. उद्या फक्त तेल, पांढरं वस्त्र आणि मेणबत्ती.

पेर्ला काकुळतीला आली. सासूबाई आमटीत मीठ विसरतात, तसे शब्दही विसरल्या असतील, असं म्हणून बसली. सासूबाईंना ते झोंबलं. त्या वेळी तिथं असलेल्या शेजारच्या सिसामावशींना त्यांनी साक्षीला बोलावलं. मावशींनी डोकं खाजवत कबूल केलं की शब्द बरोबर होते, पण त्या पाण्याला काही अर्थ नव्हता. कारण आदल्याच दिवशी त्यांनी स्वतः घातलं होतं.

"नातू माझा आणि पाणी तुझं?" सासूबाई म्हणाल्या. तिथून जी जुंपली, ती फादरांनाही आवरेना.

"पहिल्या दिवशी मी घातलं," पेर्लाची सात वर्षांची लेक इसाय टेबलाखालून म्हणाली.

चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या वर्गात सिस्टरनी शिकवलं होतं, जीव धोक्यात असेल तर पाणी कुणीही घालू शकतं. फादरांनी तिला समोर उभं करून शब्द म्हणायला लावले. एक अक्षर चुकलं नाही. पाणी किती होतं, तर अर्धी करवंटी. कपाळावरून वाहिलं, उशीसुद्धा भिजली.

फादरांनी चष्मा काढला. "झालाय बाप्तिस्मा," ते हळूच म्हणाले. "आणि उत्तम झालाय. देव दहा महिन्यांपूर्वीच घरी येऊन गेला, पेर्ला. आपण अजून मांडवच घालतोय."

पेर्लाला ती भिजलेली उशी आठवली. घाम फुटला, आता ताप उतरेल, म्हणून तिनं केवढ्या आनंदानं अभ्रा बदलला होता. त्या क्षणाच्या इतक्या जवळ ती होती, आणि तिला कळलंसुद्धा नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस गं?" तिनं लेकीला जवळ ओढलं.

"तू रडत होतीस." इसायनं तिच्याकडं नीट पाहिलं. "आई, तू तर तीन दिवस ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसत होतीस. पाणी तुझ्याच हातात होतं. मग तू का नाही घातलंस?"