दिगंबर बप्पांच्या आडव्या रेघा

त्या दुष्काळी वर्षी आमच्या गावात दिगंबर बप्पा रोज सकाळी रस्त्यावर चुन्याच्या फक्कीनं आडव्या रेघा मारायचे. विठ्ठलअण्णांच्या दारापासून थेट दूध संस्थेच्या पायरीपर्यंत. टँकरची रांग इथंच लागणार असं समजून बायांनी एकदा रेघांवर घागरी मांडल्या. बप्पांनी एकेक घागर उचलून बाजूला ठेवली आणि यथेच्छ शिव्या खाल्ल्या.

मी तेव्हा संस्थेत दुधाचं फॅट मोजायचो. "कावून मारता हो रेघा?" असं विचारलं की बप्पा म्हणत, "तुला काय करायचंय बे? दूध बघ."

बप्पा म्हणजे संस्थेचा विरोधी पक्ष. अण्णा वीस वर्षं चेअरमन आणि बप्पांचा वीस वर्षं प्रत्येक ठरावाला विरोध. सभेला चहा द्यायच्या ठरावालाही विरोध करून मग ते दोन कप चहा प्यायचे.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी अण्णांना कंपवात झाला. हात थरथरायचेच, पण चालताना मधेच पायही जमिनीला चिकटायचे, दारात तर हमखास. लोकांसमोर असं अडकायची लाज वाटून अण्णांनी बाहेर पडणंच सोडलं आणि राजीनामा पाठवला. बप्पांनी त्यालाही विरोध केला. "सभेत येऊन देऊ द्या. घरबसल्या चालणार न्हाई."

रेघांचा उलगडा मला बीडला झाला. गुडघा दाखवायचाय म्हणून बप्पांनी मला सोबत नेलं आणि शिरले मेंदूच्या डॉक्टरांकडं. स्वतःच्या गुडघ्याचं नावच नाही. "मागं तुमी विठ्ठलसाठी रेघा सांगितल्या. त्या किती अंतरावर पायजेत?"

"त्यांच्या एका पावलाच्या अंतरावर," डॉक्टर म्हणाले. मग मला समजावलं, "पायात जोर असतो. चालायचा इशारा मेंदूत अडतो. समोर रेघ दिसली की पुष्कळांचं पाऊल ती ओलांडायला उचलतं."

सभेच्या दिवशी अण्णा राजीनामा द्यायला बाहेर पडले. रेघ ओलांडत, रेघ ओलांडत संस्थेच्या दारापर्यंत आले. आत गुळगुळीत फरशी, रेघ नाही. अण्णा थांबले. सगळी सभा बघत होती. त्यांचा चेहरा उतरला आणि मला फार वाईट वाटलं.

बप्पा उठले आणि त्यांनी अण्णांसमोर आपला पाय आडवा ठेवला. "ओलांड."

"माणसाचा पाय कसा ओलांडू, दिगंबर?"

"ओलांड बे. तू न्हाई आलास तर मी विरोध कुणाला करू?"

अण्णांनी त्यांच्या खांद्याला धरून पाय ओलांडला. बप्पांनी लगेच पुढं सरकून पुन्हा पाय आडवा ठेवला. असा एकेक पाय टाकत त्यांनी अण्णांना चेअरमनच्या खुर्चीपर्यंत नेलं.