अर्ध्या दिवसाची आघाडी

"या वर्षी एकतीस डिसेंबरला मी समुद्रात पाय सोडून बसलेला असेन, आणि तो हवापालट माझ्या टेबलावर बसून माझे फोन घेत असेल. लिहून ठेव!"

रजामास्तरांनी ही घोषणा जेवता जेवता, चमचा तलवारीसारखा उगारून केली. बायकोने शांतपणे पातेल्यावर झाकण ठेवलं.

"मागच्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाला होतात."

"मागच्या वर्षी नियम माझ्या हातात नव्हते!"

हे मात्र खरं होतं. पंख्यांच्या त्या कारखान्यात मास्तर आस्थापना विभागात होते. दोनशे चौदा माणसांच्या रजा त्यांच्या वहीत राहत. कुणाची किती शिल्लक, कुणाची किती बुडाली, हे त्यांना स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ. म्हणूनच सगळे त्यांना रजामास्तर म्हणत. आणि या रजामास्तरांनी डिसेंबरचा शेवटचा आठवडा अकरा वर्षांत एकदाही घरी काढला नव्हता. मिठाईवाल्याने आयुष्यभर साखर मोजावी आणि जिभेवर कणही ठेवू नये, तशातली गत!

याचं कारण त्यांच्या समोरच्या टेबलावर बसे. खरेदी विभागातला हा गृहस्थ दर वर्षी त्याच आठवड्यात समुद्रावर जाई, म्हणून मास्तरांनी मनातल्या मनात त्याचं नाव हवापालट ठेवलं होतं. पुढे ते तोंडातून निसटलं, आणि तो इतका खूश झाला की स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला. त्या खोलीत दोनच टेबलं. एक रजेवर गेला की दुसऱ्याने त्याचंही टेबल सांभाळायचं, असा कारखान्याचा शिरस्ता. आणि रजेचा नियम काय, तर ज्याचा अर्ज आधी त्याला रजा आधी.

हवापालट वर्षभर उशिरा यायचा. पण जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी मात्र दहाला पाच कमी असताना हजर! मास्तर मागच्या वर्षीची वही मिटवण्यात मान मोडून गुंतलेले असत, तेवढ्यात हा येणाऱ्या डिसेंबरचा अर्ज त्यांच्या नाकासमोर धरी.

"मास्तर, एक शिक्का मारा की!"

शिक्का मास्तरांनाच मारावा लागे. आपल्याच फासाची दोरी आपणच वळून द्यावी, तसं त्यांना होई.

बरं, गेला तर गेला. पण परत आल्यावर? चेहरा उन्हाने तांब्याच्या घंगाळासारखा तापलेला. टेबलाच्या काचेखाली नवे फोटो. तांबडी टोपी घातलेला हा वाळूत, हा लाटेत, हा गच्चीत खुर्ची टाकून. मास्तरांच्या खुर्चीवरून ते फोटो उलटे दिसत, तरी त्यातली एकेक लाट मास्तरांना पाठ होती. बायकोनेही एकदा ते पाहिले आणि घरी येऊन एवढंच म्हणाली, "त्यांच्या बायकोचा चेहरा कसा निवांत दिसतो नाही?" त्या एका वाक्यावर मास्तर सहा महिने धुमसले. वहीत हवापालटाच्या पानावर त्यांचं लाल पेन जरा जास्तच मोकळं फिरे, ते उगीच नव्हे.

आणि सप्टेंबरात कारखान्याच्या प्रमुख म्हणून नव्या मोठ्या बाई आल्या.

"मागच्या डिसेंबरात एका दिवशी एकोणचाळीस लोक रजेवर होते," त्या म्हणाल्या. "रजा बुडेल म्हणून सगळे शेवटी एकदम पळतात. माल भरायला माणूस नव्हता! मास्तर, वर्षअखेरच्या रजेची नवी पद्धत तुम्हीच बसवा."

मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. आठवडाभरात त्यांनी मसुदा लिहिला. पहिलं कलम: आधीचे अर्ज रद्द; ज्याची रजा जास्त शिल्लक, त्याला शेवटच्या आठवड्यात प्राधान्य. दुसरं कलम: शिल्लक सारखी असेल तर ज्याची नोकरी जुनी, तो आधी. (मास्तर हवापालटापेक्षा दोन महिन्यांनी जुने होते.) तिसरं कलम: या नियमाला कुणासाठीही, कोणत्याही कारणाने अपवाद केला जाणार नाही. हे तिसरं कलम लिहिताना त्यांना समोर हवापालटाचं गयावया करणारं तोंड दिसत होतं. त्यांनी 'कोणत्याही'खाली रेघ मारली.

मास्तरांची शिल्लक साडेएक्केचाळीस. हवापालटाची साडेबत्तीस. नऊ दिवसांची आघाडी!

नोव्हेंबरात मास्तरांनी तीन वर्षांतली पहिली अर्धी रजा घेतली आणि हवापालट समुद्रावर ज्या लॉजात उतरे, त्याची शहरात कचेरी होती, तिथे गेले. लॉजचं नाव अकरा वर्षांच्या फोटोंमुळे तोंडपाठ होतं.

"दर वर्षी इथे एक जण येतात ना, तांबड्या टोपीवाले? त्यांची खोली कोणती?"

"चार नंबर, तळमजला. दर वर्षी तीच. या वर्षीचीही त्यांनी कधीच सांगून ठेवलीय."

"मग मला तिच्या बरोबर वरची द्या," मास्तर म्हणाले.

हवापालटाला यंदा यायलाच मिळणार नव्हतं. पण समजा आलाच पुढेमागे, तर त्याच्या डोक्यावर आपली खुर्ची सरकली पाहिजे! कारकुनाने बजावलं, "एकदा ठरलेली तारीख बदलता येणार नाही हं." मास्तर हसले. तारीख बदलण्याचा प्रश्नच कुठे होता?

घरी मुलीने वाळूचा किल्ला करायला बादली आणली. बायकोने बॅगा उतरवल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती मास्तरांकडे असं पाहत होती, की जणू घरात कुणी कर्तबगार माणूस राहायला आलाय.

आता इथेच थांबायचं ना! पण मत्सराला पोट असतं, आणि ते भरत नाही. हवापालटाची रजा गेली, एवढ्याने मास्तरांचं भागेना. तो का मागे पडला, हे मोठ्या बाईंच्या डोळ्यांना दिसायला हवं होतं. पाच डिसेंबरला यादी पक्की करायच्या बैठकीत ते उभे राहिले.

"बाई, माझी एक विनंती. माझंही नाव यादीत आहे, तेव्हा संशयाला जागा नको. आमच्या दोघांची शिल्लक फाटकाच्या वहीशी ताडून पाहावी. कोण किती वाजता येतं, सगळ्यांपुढे येऊ द्या!"

"वा!" बाई म्हणाल्या. "बोलवा फाटकावरच्या काकांना."

काका आले. बगलेत पोत्याएवढी वही, नाकाच्या टोकावर चष्मा. एकेक तारीख वाचत गेले. "अकरा जानेवारी, दहा वाजून बावीस. एकोणीस जानेवारी, दहा वाजून एकतीस..." मास्तर प्रत्येक तारखेला मान डोलवत होते, जणू गाण्याच्या बैठकीत समेवर दाद देताहेत. हवापालट खाली मान घालून नखं पाहत होता.

"एकूण सत्तावीस लेटमार्क," काकांनी वही मिटली.

"सत्तावीस!" मास्तर हळहळल्यासारखे म्हणाले.

बाईंनी चष्मा लावला. "तीन लेटमार्कांना अर्धी रजा, बरोबर ना? म्हणजे सत्तावीसला नऊ अर्ध्या. साडेचार दिवस. मग मास्तर, तुमच्या वहीत यांचे साडेतेरा दिवस कसे कापलेत?"

खोलीत पंखा फिरत होता. कारखान्याचाच होता. त्याचा कुईकुई आवाज मास्तरांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

कारण सरळ होतं. बाकी दोनशे तेरा माणसांना मास्तर तीन लेटमार्कांना अर्धी रजा लावत. हवापालट मात्र दारातून आत आला की त्यांना उलट्या लाटा दिसत, आणि पेन एकाच उशिराला अर्धी रजा कापून मोकळं होई. वर्षभर! हिशेबात एरवी डोळ्यात तेल घालणाऱ्या माणसाला ते कळलंही नव्हतं. किंवा कळलं असेल, पण पेनाला कोण विचारणार?

"ते... म्हणजे..." मास्तर आपल्या वहीची पानं उगीच उलटू लागले. "तेच तर तपासायचं होतं मला!"

बुडत्या माणसाने हाती येईल ते धरावं तसं त्यांनी हे वाक्य धरलं. आणि तेच त्यांना घेऊन बुडालं.

"म्हणजे नऊ दिवस परत," बाई लिहीत होत्या. "साडेबत्तीस अधिक नऊ, साडेएक्केचाळीस. आणि तुमची मास्तर?"

साडेएक्केचाळीस! सारखी असेल तर जुनी नोकरी! मास्तरांच्या जिवात जीव आला. "माझीही साडेएक्केचाळीसच!"

"नाही हो मास्तर," काका चष्म्यावरून पाहत म्हणाले. "नोव्हेंबरात तुम्ही अर्धी रजा टाकून गेला होतात. मीच विचारलं, कुठे, तर तुम्ही म्हणालात, एक महत्त्वाची खोली बघायचीय."

एक्केचाळीस! अर्ध्या दिवसाने गेले. समुद्राची खोली ठरवायला घेतलेल्या अर्ध्या दिवसाने समुद्र गेला!

"बाई, एखादा अपवाद..." मास्तर पुटपुटले.

बाईंनी मसुदा उलटला. "तिसरं कलम. खाली रेघसुद्धा मारलीय तुम्ही."

तेवढ्यात हवापालट उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी! तो टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने मास्तरांना कडकडून मिठी मारली.

"मास्तर! मला वाटायचं, माझंच गणित कच्चं. वर्षभर गप्प बसलो. आणि तुम्ही स्वतःची रजा घालवून माझी चूक शोधून दिलीत! सख्खा भाऊ नाही करत हो एवढं!"

मास्तरांचा चेहरा त्याच्या खांद्यात दबला होता, म्हणून तो कुणाला दिसला नाही हे बरं. दुपारपर्यंत सूचना फलकावर कागद लागला: 'सचोटीचा आदर्श.' खाली मास्तरांचं नाव. येणारा-जाणारा पाठ थोपटून जाऊ लागला. शंभर पाठथोपट्यांनंतर पाठ दुखते, ही माहिती मास्तरांना नवी होती.

घरी सांगायला तीन दिवस लागले. सांगितलं तेव्हा बायको बॅगेत टॉवेल भरत होती. ती थांबली, मास्तरांकडे पाहिलं, आणि पुन्हा टॉवेल भरू लागली.

"भरतेस काय? ऐकलंस ना? रजा नाही!"

"तुम्हाला नाही. मला कोणी रजा नाकारलीय? अकरा वर्षं थांबले. आता मी आणि पोरगी जाणार."

"एकट्या?"

"एकट्या कशाला? तुमच्या समोरच्या टेबलावरचे भाऊजी आहेत ना! सकाळीच फोन आला त्यांचा. म्हणाले, 'वहिनी, मास्तरांनी माझ्यासाठी एवढं केलं, तुमची जबाबदारी आम्हा दोघा नवरा-बायकोची.' किती भला माणूस! तुम्ही उगीच..."

डिसेंबरचा शेवटचा आठवडा मास्तरांनी दोन टेबलांवर काढला. इकडचा फोन, तिकडचा फोन, मधे धावपळ. फोन घेताना ते हवापालटाच्या खुर्चीवर बसत. तिथून काचेखालचे फोटो सुलटे दिसत. सुलटे आणखी वाईट होते.

एकतीस तारखेला दुपारी बायकोचा फोटो आला. मुलगी किल्ल्यावर बादली उपडी करतेय, आणि मागे वरच्या गच्चीत खुर्ची टाकून हवापालट हात हलवतोय. वरच्या! मास्तरांनी घाईने फोन लावला.

"तो आपल्या गच्चीत काय करतोय?"

"अहो, खोल्या बदलल्या. पोरीला तळमजल्यावरून थेट वाळूत पळता येतं. भाऊजींनी लगेच दिली हो! फक्त वरून खुर्ची सरकवतात तेव्हा थोडा आवाज येतो."

नव्या वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी सगळे पहाटे निघालेल्या बसने साडेनऊला परतले. मास्तर बॅगा घ्यायला स्टँडवर गेले होते. बायकोचा चेहरा निवांत दिसत होता, आणि मास्तरांना तो पाहून बरं वाटलं, हेही नोंदवायला हवं. पण बाहेर टॅक्सी एकच उभी होती.

"मास्तर, ही आम्ही घेऊ?" हवापालट घाईत म्हणाला. "आज वेळेवर पोचायचं असतं ना मला!"

मास्तर तीन बॅगा, एक बादली आणि दोन किलो शिंपले घेऊन बायको-मुलीसह पायी आधी घरी निघाले. तिथून कारखान्याच्या फाटकात शिरले तेव्हा काकांनी चष्मा पुसून घड्याळ पाहिलं, मग पुन्हा मास्तरांकडे पाहिलं, आणि मोठ्या दुःखाने वहीत लिहिलं: दहा वाजून बावीस.

खोलीत हवापालट केव्हाचा येऊन बसला होता. चेहरा तांब्याचा. मास्तर बसले, आपलं पान उघडलं आणि तेवीस वर्षांच्या नोकरीतला पहिला लेटमार्क लाल पेनाने स्वतःच लिहिला.

"एकच आहे, मास्तर," हवापालट मायेने म्हणाला. "तिसऱ्याशिवाय अर्धी रजा जात नाही. तुम्ही घाबरू नका. या वर्षी तुमचे मी मोजणार. चूक होऊ द्यायचा नाही!"