पुराव्याचं पाणी

सोमवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या कपडे धुण्याच्या मशीनने पाणी सोडायला नकार दिला. तिने कपडे घेतले, साबण घेतला, पाणी घेतलं, अर्धा तास इमानेइतबारे गरगर फिरली आणि पाणी बाहेर टाकायची वेळ आली तेव्हा घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज करून थांबली. पडद्यावर 'ई-नऊ' असं लुकलुकू लागलं. आत पाणी असेल तर दार उघडायचं नाही, ही तिची सुरक्षा व्यवस्था होती. पाणी जात नव्हतं, म्हणून दार उघडत नव्हतं.

एरवी मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं, पण त्या पाण्यात माझ्या मुलीची पिवळी जर्सी होती. मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. ती शाळेच्या फुटबॉल संघात गोलरक्षक आहे, शनिवारी सकाळी दहाला तिचा अंतिम सामना होता, आणि अंगावर संघाची जर्सी नसेल तर मैदानावर पाय ठेवायचा नाही असा प्रशिक्षक बाईंचा दंडक होता. संघात गोलरक्षकाची जर्सी एकच. मागच्या दोन सामन्यांना मी कचेरीच्या कामामुळे गेलो नव्हतो. त्यामुळे या खेपेस मी तिला दोन शब्द देऊन बसलो होतो: जर्सी वेळेवर मिळेल, आणि मी सामना बघायला येईन.

मशीन मी विचार न करता घेतलेली नव्हती. तीन संध्याकाळी बसून अभिप्राय वाचले होते. हजारो लोकांनी तिला पाच तारे दिले होते. सर्वांत वरचा अभिप्राय तर मला पाठच झाला होता: "तत्पर व विनम्र सेवा. अपेक्षेपेक्षा जास्त समाधान. संपूर्ण कुटुंब आनंदी." शिवाय तीन वर्षांची वॉरंटी होती. वॉरंटीचं कार्ड मी लॅमिनेट करून घेतलं होतं आणि इतकं जपून ठेवलं होतं की कुठे ठेवलं ते मलाही आठवत नव्हतं. क्रमांक मात्र तोंडपाठ होता.

बायको कामानिमित्त आठवडाभर परगावी होती, त्यामुळे घरातले निर्णय आता मी घ्यायचे अशी माझी समजूत होती. आईची तशी समजूत नव्हती. ती मशीनसमोर वाकली, खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या झाकणावर टिचकी मारून म्हणाली, "हे उघड. आत फिरकीचं बूच असेल. खाली पसरट भांडं ठेव आणि फिरव. पाणी येईल, जे अडकलंय तेही येईल."

मी तिला समजावलं की अनधिकृत व्यक्तीने झाकणाला हात लावला तर वॉरंटी रद्द होते. पुस्तिकेत तसं पान एकोणीसवर छापलेलं आहे. आई म्हणाली की तिने माझं नाक, कान, दात असं सगळं वॉरंटीशिवाय सांभाळलं. मी त्याकडे दुर्लक्ष करून तक्रार नोंदवली.

मंगळवारी तंत्रज्ञ आला. निळी टोपी, गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. त्याने मशीनपुढे गुडघे टेकले, मोजपट्टी काढली आणि काचेच्या दारावर लावून पाण्याची उंची मोजली. अठरा सेंटीमीटर. फोटो काढला. मग खालच्या झाकणावर कंपनीचं चंदेरी सील चिकटवलं आणि उठला.

"पाणी?" मी विचारलं.

"आहे की, सर. नोंद केलीये."

"अहो, पण ते काढायचं."

"मी पाहणीचा माणूस, सर. आहे की नाही एवढंच बघतो. आणि आता त्याला हात लावू नका, तो पुरावा आहे. पाणी जात नाही अशी तक्रार केलीत आणि पाणीच नसलं तर तुम्हीच खोटे पडाल."

हे मला पटलं, हे कबूल करायला हवं. मी कायदेशीर माणूस आहे. मी फक्त एवढंच म्हटलं की आत मुलीची जर्सी आहे. जर्सी काचेतून ढळढळीत दिसत होती. त्याने फोनवर टंकलं, 'आत पिवळे वस्त्र, एक (ग्राहकाचे म्हणणे)', आणि माझ्याकडून ओटीपी मागून घेतला. मी दिला. जिन्यावरून उतरताना त्याने अत्यंत विनम्रपणे मला पाच ताऱ्यांची आठवण करून दिली.

बुधवारी संदेश आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली आहे. मी फोन केला. बावीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एका गोड आवाजाच्या मुलीने खुलासा केला की तक्रारीवर पाहणी व्हायची होती, पाहणी झाली, ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला, म्हणजे तक्रार संपली. मी म्हटलं, मग पुन्हा तीच तक्रार लिहून घ्या. तर एकच तक्रार तीस दिवसांत दोनदा घेता येत नव्हती. तिला माझी दया आली असावी. आवाज किंचित खाली आणून तिने सुचवलं की 'पाणी भरत नाही' या सदराखाली नोंदवा.

"पण पाणी भरतं. भरलंय म्हणून तर फोन केला."

"बरोबर, सर. पण आत्ता या क्षणी भरतंय का?"

भरत नव्हतं. भरलेल्या मशीनमध्ये पाणी कुठून भरणार? म्हणजे तक्रार तांत्रिकदृष्ट्या खोटी नव्हती. आई शेजारी बादलीत हाताने कपडे धूत बसली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा कॉलर घासायला लागली.

गुरुवारी पुन्हा तोच तंत्रज्ञ आला. टोपी या वेळी हिरवी होती. मला बघून त्याने ओळख दाखवली नाही.

"परवा तुम्हीच आला होतात," मी म्हणालो.

"ते पाहणीत होतो, सर. आज भरणीत आहे." त्याने चंदेरी सीलकडे बघून मान वळवली. "ते मी आज बघू शकत नाही."

त्याने नळ तपासला, मागची नळी तपासली, मशीनच्या चार कळा एकदम दाबल्या आणि पाणी सोडलं. मशीनने ते आनंदाने घेतलं. पाच सेंटीमीटर आणखी. एकूण तेवीस. जर्सी तरंगत वर आली आणि पाठीवरचा एक आकडा काचेला चिकटला. पाणी उत्तम भरतंय, असा निष्कर्ष निघाला, आणि माझ्या नावापुढे 'तथ्यहीन तक्रार करणारा ग्राहक' अशी नोंद झाली. माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी तथ्यहीन म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मला दोन घास कमीच गेले.

भिंगरी शाळेतून आली की आधी मशीनपुढे फतकल मारून बसायची आणि काचेवर बोट ठेवून जर्सीची चौकशी करायची. शुक्रवारी तिने विचारलं, "बाबा, उद्या नाही निघाली तर प्रशिक्षक बाई दुसरीला उभं करतील का?" मी म्हटलं, निघेल. तिने मान डोलावली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

म्हणून मी थेट निवारण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचलो. हा गृहस्थ फारच सहृदय निघाला. झाल्या गैरसोयीबद्दल त्याला मनापासून खेद होता, आणि खेद तो दर वाक्यात एकदा व्यक्त करत होता. शनिवारी आठ ते बाराच्या दरम्यान निचरा विभागाचा खास माणूस येईल. तोवर पाण्याची पातळी तेवीसच्या खाली जाऊ देऊ नका, असं त्याने बजावलं.

शनिवारी आठ वाजले, साडेआठ वाजले, कोणी आलं नाही. मी बाल्कनीत उभा राहून रस्ता न्याहाळत होतो. भिंगरी बूट घालून, वर घरातलाच सदरा घालून दाराशी बसली होती. नऊला दहा मिनिटं कमी असताना स्वयंपाकघराच्या बाजूने काहीतरी टर्रकन फाटल्याचा आवाज आला.

आईने सील उपटलं होतं. मी धावत गेलो तोवर झाकण बाजूला पडलं होतं, पसरट भांडं खाली सरकलं होतं आणि आई बूच फिरवत होती. भांडं भरायचं, बूच आवळायचं, भांडं मोरीत ओतायचं, पुन्हा बूच सैल करायचं. सात भांडी झाली. दाराचं कुलूप खट्ट करून सुटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. भिंगरीने सगळे कपडे बाहेर ओढले आणि त्यातून जर्सी काढली. तिला पाच दिवसांच्या पाण्याचा वास येत होता, पण ती होती. मग आईने बुचाच्या मागे दोन बोटं घातली आणि पंपाच्या पात्यात अडकलेली वस्तू बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली.

ते माझं वॉरंटी कार्ड होतं. लॅमिनेट केल्यामुळे अक्षर अन् अक्षर शाबूत होतं. सोमवारी धुवायला टाकलेल्या पँटच्या आतल्या खिशात ठेवलं होतं ते आत्ता आठवलं. आईने भांडं उचलून मोरीत पालथं घातलं. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

जर्सी आपटून, पिळून, इस्त्री फिरवून अर्धीमुर्धी वाळवली. सव्वानऊला आम्ही तिघं निघालो, दार उघडलं, आणि दारात तंत्रज्ञ. तोच. टोपी पिवळी.

त्याची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. उपटलेलं सील, उघडं झाकण, रिकामी मशीन. तो मटकन जिन्याच्या पायरीवर बसला आणि पहिल्यांदाच माणसासारखं बोलला.

"सर, या घरात माझ्या तीन फेऱ्या झाल्या. आज 'सील तुटलेले' असं लिहिलं तर तुमची वॉरंटी गेली आणि फेरी फुकट म्हणून माझे तारे गेले. माझे सध्या साडेचार आहेत. चारवर आले की कंपनी घरी बसवते." त्याने टोपी मागे सरकवली. "पण मी दुरुस्ती केली असं लिहिलं तर तुमचं पण भागतं, माझं पण भागतं. पंधरा मिनिटांचं काम आहे."

मी आईला म्हटलं, तुम्ही दोघी पुढे व्हा, मी पंधरा मिनिटांत पोहोचतो. भिंगरीने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. आईने तिचा हात धरला आणि माझ्याकडे न बघता जिना उतरायला लागली.

काम खरंच पंधरा मिनिटांचं होतं. फक्त दुरुस्ती नोंदवायला आधीचा फोटो लागत होता, आणि आधीच्या फोटोत पाणी लागत होतं. आम्ही बूच आवळलं आणि मशीन पुन्हा भरायला लावली. मोजपट्टी लावली. बावीस भरले. आणखी एक सेंटीमीटर घातलं. त्याने फोटो काढून पाठवला. फोनने तो नाकारला, कारण मंगळवारच्या नोंदीप्रमाणे आत एक पिवळं वस्त्र असायला हवं होतं.

पिवळं वस्त्र त्या वेळी मैदानावर गोलसमोर उभं होतं. आम्ही घर उलटंपालटं केलं. शेवटी तंत्रज्ञाने स्वतःची टोपी काढली, तिच्याकडे क्षणभर बघितलं, मी बुचातून सात भांडी काढून दार उघडल्यावर ती आत टाकली आणि आम्ही पुन्हा तेवीस भरले. फोटो मंजूर झाला. मग त्याने कळ दाबली आणि पाणी भसाभस निघून गेलं. तो उकिडवा बसून ते शेवटपर्यंत बघत राहिला. सहा वर्षांच्या नोकरीत पाणी जाताना आपण पहिल्यांदाच बघतोय, असं तो म्हणाला. खरोखर आनंदला होता बिचारा. नवं सील लावलं, ओटीपी घेतला, आणि फोन माझ्या पुढ्यात धरला. पाच तारे दिले, पण पाच ताऱ्यांना किमान बारा शब्दांचा अभिप्राय सक्तीचा होता. मला घाई होती. डोक्यात काही येईना, म्हणून पाठ होतं ते उतरवून दिलं. तत्पर व विनम्र सेवा. अपेक्षेपेक्षा जास्त समाधान. संपूर्ण कुटुंब आनंदी. दहाच शब्द भरले. शेवटी 'अवश्य घ्या' असं जोडलं.

खाली पळत गेलो तर फाटकातच दोघी समोर आल्या. सव्वाअकरा वाजले होते. भिंगरीची जर्सी अजून पाठीवर ओली होती आणि गुडघे मातीने माखले होते.

"बाबा, शेवटचा मी अडवला. डावीकडे झेप घेऊन. तू मागे उभा होतास ना?"

मी 'हो' म्हणणार होतो. सकाळपासून तोंडाला तीच सवय लागली होती. पण आई बघत होती. मी नाही म्हटलं. भिंगरीचा चेहरा पडला, ती 'बरं' म्हणाली आणि जिना चढून गेली. मला इतकी लाज वाटली की मी बराच वेळ फाटकाची कडी लावत उभा राहिलो.

मशीन आता उत्तम चालते. मी कधीकधी त्या गृहस्थाचा विचार करतो, ज्याचा अभिप्राय मी पाठ केला होता. त्याचंही कुटुंब त्या सकाळी कुठे होतं, कोण जाणे. त्याच्याही आधी कोणाचा तरी त्याने पाठ केला असेल.

माझा अभिप्राय सध्या यादीत सर्वांत वर आहे. तीनशे बारा जणांनी तो 'उपयुक्त' ठरवला आहे. मागच्या महिन्यात मशीन घेताना तुम्हीही तिथे बोट टेकवलंत. आणि परवा तुमच्या दारात कोणीतरी तुमच्यापुढे फोन धरला, तेव्हा न वाचता पाच ताऱ्यांवर टेकवलंत तेही तेच बोट.