चार वाडगे सूप

बायकोच्या पाककृतींच्या पुस्तकातली मापं आपण तपासून देऊ, असं निरीक्षकांनी आपणहून सांगितलं आणि तिथेच सगळं बिनसलं. तिने विचारलंही नव्हतं. पण वजनमापे खात्यात सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला स्वतःच्याच घरातल्या कागदांवर 'चिमूटभर', 'मूठभर', 'अंदाजाने' असले शब्द दिसले की चैन पडत नाही. (अंदाजाने हा शब्द त्यांनी नोकरीत एकदाच वापरला होता. त्याचा खुलासा लेखी द्यावा लागला.)

प्रत्येक पदार्थाआधी त्यामागची एखादी घरगुती आठवण हवी, असा संपादकबाईंचा आग्रह होता. आठवणींशी निरीक्षकांना कर्तव्य नव्हतं. ते लाल पेन्सिल घेऊन फक्त आकडे बघत होते. चौदाव्या पानावर मात्र ते स्वतःच भेटले: 'चवीबद्दल यांना विचारलं तर ठीक आहे म्हणतात, म्हणून चव शेजारणीकडून पाहून घ्यावी.' निरीक्षकांनी 'शेजारणीकडून' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह केलं आणि ते पुढे गेले. बत्तिसाव्या पानावर कांद्याचं सूप होतं.

'हे सूप मी एकटीने पहिल्यांदा केलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते. त्या दिवशी आमच्याकडे कामानिमित्त एक तरुण आला होता. कुरळे केस, लाजरा, बोलणं मोजकं. तो एकामागून एक चार वाडगे सूप प्यायला आणि मान वर न करता म्हणाला, असं सूप मी जन्मात प्यायलो नाही. इतकं मनापासून मला पुन्हा कोणी काही म्हटलं नाही. आजही कांदा परतताना तो डोळ्यांसमोर येतो.'

निरीक्षकांनी 'आजही' या शब्दाखाली लाल रेघ मारली. मग दुसरी मारली. या घरात आठवड्यातून चार वेळा तरी कांदा परतला जातो, म्हणजे तो कुरळा इसम आठवड्यातून चार वेळा त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन जात होता. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"काय रे, तुझ्या ताईच्या लग्नाआधी घरी कुरळ्या केसांचा कोणी येत होता का?"

"कुरळ्या केसांचे? पुष्कळ यायचे भाऊजी. का हो?"

"पुष्कळ म्हणजे किती?"

"मोजले नाहीत कधी."

न मोजणं हा त्या घराण्याचा स्वभावच होता.

रात्रभर जळफळाट झाल्यावर सकाळी त्यांना मुद्दा सुचला. एक वाडगा म्हणजे अडीचशे मिलिलिटर. चार वाडगे म्हणजे एक लिटर. एका बैठकीत एक लिटर सूप कोणी पिऊच शकत नाही, म्हणजे त्याने सूप गुपचूप कुठेतरी ओतलं असणार, तो तरुण थापाड्या होता. आता हे सिद्ध करायला हवं. बायको फोटो दाखवायला संपादकबाईंकडे गेली आणि निरीक्षकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. (कारण: घरगुती पडताळणी.)

मिठाच्या दोन चिमटींचं त्यांनी दहा वेळा वजन करून सरासरी काढली. कांदे ग्रॅमवर तोलले. कांदा परतण्याच्या वेळेपुढे बायकोने 'अंदाजाने' लिहिलं होतं, तिथे त्यांनी आधीच अकरा मिनिटं अशी दुरुस्ती केली होती. आच मोठी की मंद, हे काही मापात बसत नव्हतं म्हणून ते सोडून दिलं होतं. सहाव्या मिनिटाला धूर निघाला. पण ठरलं म्हणजे ठरलं. अकराव्या मिनिटाला त्यांनी त्या कोळशांवर पाणी ओतलं.

पहिला वाडगा त्यांनी नियम म्हणून संपवला. दुसरा हट्टाने. तिसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. चौथा कसाबसा उतरला, तेव्हा लक्षात आलं की तरुण थापाड्या नव्हता. मग त्यांनी पाचवा ओतून घेतला.

दाराचं कुलूप उघडलं तेव्हा निरीक्षक फ्रीजला टेकून फरशीवर बसले होते. शर्टाची खालची तीन बटणं उघडी होती. बायकोच्या मागे संपादकबाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या.

"अहो, काय झालं?"

"पाच," निरीक्षक म्हणाले.

"पाच काय?"

"वाडगे. तो चारच प्यायला होता."

संपादकबाईंनी खिडकी उघडली. बायकोने करपलेलं पातेलं पाहिलं, ओट्यावर उघडं पडलेलं बत्तिसावं पान पाहिलं आणि ती त्यांच्यासमोर फरशीवरच बसली.

"कोण होता तो, एवढं सांग," निरीक्षक म्हणाले. "मी रागावणार नाही." (रागवायला लागणारा श्वास शिल्लकच नव्हता.)

"अहो, तुम्हीच की. बाबांच्या दुकानातला काटा तपासायला आला होतात."

निरीक्षकांचा हात आपोआप डोक्यावर गेला. तिथे कुरळं असं काही उरलं नव्हतं.

"त्या दिवशी मी चहा घेतला होता. तुमच्या काट्यात बारा ग्रॅमचा फरक होता, मला पक्कं आठवतंय."

"काटा आठवतो. सूप नाही आठवत."

"मग सरळ 'माझे पती' असं लिहायचं."

"लिहिलं होतं," बायको म्हणाली आणि तिने संपादकबाईंकडे पाहिलं.

"मीच काढायला लावलं," संपादकबाई म्हणाल्या. "चौदाव्या पानाशी जुळेना. एकच माणूस दोन्हीकडे, हे वाचकांना पटलं नसतं."

निरीक्षकांना क्षणभर हायसं वाटलं. मग बायको ते पान उचलून वाचायला लागली आणि वाचता वाचता हसली. तसं हसू त्यांच्या वाट्याला कित्येक वर्षांत आलं नव्हतं, आणि आलं नाही तो दोष त्यांचाच होता, हे त्यांना कळत होतं. तरीही त्या कुरळ्याचा त्यांना कालच्यापेक्षा जास्त हेवा वाटला.

"बरा होता का गं तो?" त्यांनी हळूच विचारलं.

"फार गोड होता हो."

"मग पुढे काय झालं त्याचं?"

"काय व्हायचंय," बायको पातेलं घासायला उठत म्हणाली, "नोकरीत कायम झाला."